आजोबांच्या वहीतली मापं आजच्या हिशोबात कशी आणायची (शेर, पायली, तोळा, गुंठा, खंडी आणि चार प्रकारचे आणे)

घरात वाटण्यांचा विषय निघाला की दोन गोष्टी बाहेर येतातच, एक जुनी भांडणं आणि दुसरी ट्रंकेतली लाल कापडात गुंडाळलेली वही. आमच्याकडे भांडणं काकांच्या वाट्याला गेली आणि वही माझ्याकडे आली, कारण काय तर "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस ना". वहीत सगळं होतं, ज्वारी २ मण ५ पायल्या, सोने ३ तोळे ४ मासे, जमीन ३-२५, हिस्सा ०-५-४. मी सगळे करतात तेच केलं, मोबाईलवर शोधलं की एक मण म्हणजे किती किलो, उत्तर आलं ३७.३२, धडाधड गुणाकार केले आणि वर्षाची बेरीज काकांना वाचून दाखवली. काका हसले आणि म्हणाले, "एवढी ज्वारी ठेवली कुठे होती रे? आपल्या घरात तर बळदसुद्धा नव्हतं."

मग कळलं की चूक गुणाकारात नव्हती. मी 'मण' हा शब्द वाचला होता आणि तो कुठला, कधीचा आणि कशाचा हे विचारलंच नव्हतं. जुनं माप नुसत्या नावानं पुरं होत नाही, त्याच्यामागे गाव, साल आणि माल हे तिन्ही लागतात. इंग्रजांच्या काळात मुंबईचा बाजारी मण २८ पौंडांचा होता, म्हणजे जेमतेम १२.७ किलो, आणि त्याच वेळी बंगालचा मण ८२ पौंडांच्या वर. दोन्ही मणांत शेर चाळीसच, म्हणजे मुंबईचा शेर साधारण ३१७ ग्रॅम आणि बंगालचा ९३३ ग्रॅम, जवळजवळ तिप्पट फरक! मोबाईलवर जे ३७.३२ येतं ते त्या मोठ्या, पुढे सरकारी झालेल्या मणाचं. खाली मी ज्या क्रमानं वही सोडवली तो क्रम देतोय, तुमच्याकडे असं काही बाड असेल तर त्याच क्रमानं जा.

आधी साल पक्कं करा

पानावर साल कुठलं आहे ते बघा. शके असेल तर ७८ मिळवा, शके १८७२ म्हणजे १९५०-५१. मराठवाड्यातले निजामाच्या राज्यातले कागद असतील तर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवायचे, फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. साल कशाला हवं? कारण १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले, आणि १९५६ च्या कायद्याप्रमाणे किलो-ग्रॅम १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं लागू होत गेले. म्हणजे १९५७ ते साधारण १९६२ मधल्या वह्या सगळ्यात बेकार. लिहिणाऱ्याच्या हाताला आणे, दुकानदाराच्या काट्यात किलो आणि तोंडात शेर, अशी सगळी खिचडी एकाच पानावर सापडते.

उभ्या रेघांना एक समजू नका

यात मी स्वतः दोन दिवस फसलो. जुन्या पद्धतीत पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनी लिहायचे. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. आणि घाईघाईत लिहिलेली ती रेघ हुबेहूब एकासारखी दिसते, त्यामुळे ५। हे ५१ वाचलं जातं आणि सव्वापाच मणाचे एक्कावन्न मण होतात. संशय आला तर शेजारचा दर आणि रक्कम बघा, दर गुणिले माल बरोबर रक्कम जुळली तर तुमचं वाचन बरोबर, नाही जुळलं तर रेघ आहे समजा. वहीचे फोटो काढून मोठे करून बघितले तर रेघ आणि आकडा यातला फरक बऱ्यापैकी दिसतो, एक हा आकडा लिहिताना वर गाठ येते, रेघेला येत नाही.

वहीलाच विचारा की तिच्यात किती शेरांचा मण आहे

ही युक्ती मला सगळ्यात जास्त कामाला आली आणि ती मला कुणी सांगितली नाही, बघता बघता सापडली. कुठल्याही रकान्यात छोट्या मापाचा सगळ्यात मोठा आकडा किती आहे ते शोधा. मण-शेर असं लिहिलंय आणि शेरांच्या जागी ३८, ३९ असे आकडे येतात पण ४० कधीच येत नाही, म्हणजे चाळीस शेरांचा मण. पायल्यांच्या रकान्यात ११ च्या पुढे कधीच काही नाही, तर बारा पायल्यांचा मण, १५ पर्यंत जातंय तर सोळाचा. (हो, दोन्ही चालायचे, एका तालुक्यात हा तर शेजारच्या तालुक्यात तो.) पैशाच्या रकान्यात कधीही १५ च्या वर गेलेलं नाही तर ते आणे आहेत, कुठे ६२ किंवा ७५ दिसलं तर नवे पैसे. पाच-सहा पानांवर भागवू नका, पूर्ण वर्ष चाळा, कारण मोठा आकडा कधीतरी एकदाच येतो. आमच्या वहीत पायल्यांचा सगळ्यात मोठा आकडा ११ निघाला.

वजन की माप, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका

माझ्या ज्वारीचा घोळ खरं तर इथे होता. मण वजनाचाही असतो आणि मापाचाही. गूळ, तूप, हळद, कापूस ही तोलायची, धान्य मात्र बहुतेक गावांत मापायचे. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, अशी दुपटी-दुपटीनं चढत जाणारी ती भांडी, आणि त्या पायल्यांचा जो मण व्हायचा त्याचा तराजूशी संबंधच नाही. पायली हे भांडं आहे, लिटरसारखं. त्यात पोहे भरले तर वजन वेगळं, तांदूळ भरले तर वेगळं, त्यामुळे 'एक पायली म्हणजे किती किलो' या प्रश्नाला कोण एक आकडा देत असेल तर त्याला आधी विचारा, कशाची?

आणि शीग विसरू नका. सपाट माप म्हणजे वरून काठी फिरवून काढलेलं आणि शिगेचं माप म्हणजे वर डोंगर राहील तेवढं भरलेलं. देताना सपाट आणि घेताना शिगेचं, हे सावकाराबद्दल आजी जे बोलायची ते उगीच नव्हतं. एकाच पायलीनं मापून दोघांचा हिशोब वेगळा यायचा आणि दोघंही खोटं बोलत नसायचे!

घरात जुनी पायली किंवा मापटं शिल्लक असेल तर नशीबवान आहात, असं करा. भांडं स्वच्छ पुसा, आत एक मोठी पातळ प्लॅस्टिकची पिशवी नीट बसवा (जुनी भांडी गळतात), काठोकाठ पाणी भरा आणि ते पाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. जितके किलो पाणी तितके लिटर तुमची पायली. आता पिशवी काढा, तीच पायली ज्वारीनं सपाट भरा, तोला, मग शीग लावून भरा, परत तोला. तीन-तीनदा करा आणि सरासरी घ्या, कारण हात कसा ओततो यावरही फरक पडतो, भांडं आपटलं तर धान्य बसतं आणि जास्त मावतं. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी तुमच्या आजोबांची पायली आहे. मी वहीच्या आकड्यांना दोन्हींनी गुणून 'इतक्या ते इतक्या किलो' असं लिहिलं, एकच आकडा लिहायचा मोह टाळला. काकांना नवी बेरीज दाखवली तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले, आमच्या काकांच्या बाबतीत हे बरंच झालं.

भांडं नसेल तर किलोत आणू नका, पायल्यांतच ठेवा.

पावशेर आणि नवटाक

किरकोळ वजनं तशी सोपी आहेत. सरकारी शेर ८० तोळ्यांचा म्हणजे ९३३ ग्रॅम, त्याचा अच्छेर ४६६, पावशेर २३३, छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग, ५८ ग्रॅम. नवटाक म्हणजे पावशेराचा निम्मा, शेराचे ७२ टाक धरायचे आणि त्यातले ९ म्हणून नवटाक. (हा शब्द पुढे दारूच्या गुत्त्यावरच जास्त टिकला, तो भाग वेगळा.) गंमत अशी की आज मंडईत आपण "पावशेर मिरच्या द्या" म्हणतो आणि भाजीवाला मुकाट २५० ग्रॅम तोलतो. शब्द तोच राहिला, माप मागच्या मागे बदललं आणि सतरा ग्रॅम आपल्याला फुकट मिळाले.

तोळा: इथे मात्र फुकट मिळत नाही, जातात

तोळ्याची सरकारी व्याख्या १८३३ मध्ये झाली, १८० ग्रेन, म्हणजे ११.६६४ ग्रॅम. चांदीचा रुपया त्याच वजनाचा पाडला जायचा, म्हणून जुनी माणसं 'रुपयाभार' म्हणतात किंवा नुसतं 'पाच भार सोनं'. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, एकूण ९६ गुंजांचा तोळा. दशमान आल्यावर सोनं ग्रॅममध्ये गेलं पण लोकांना तोळा सोडवेना, मग सोईसाठी १० ग्रॅमलाच तोळा म्हणायची सवय लागली, आज पेपरात आणि लग्नाच्या बोलणीत तोळा म्हणजे १० ग्रॅमच. जुना तोळा पुरता मेलाय असंही नाही, आंतरराष्ट्रीय बाजारात दहा तोळ्यांची बिस्किटं अजून ११६.६४ ग्रॅमची असतात.

आता वहीतले ३ तोळे ४ मासे घ्या. चार मासे म्हणजे एक तृतीयांश तोळा, एकूण ३.३३ तोळे. जुन्या तोळ्यानं ३८.८८ ग्रॅम, आजच्या बोलीतल्या तोळ्यानं ३३.३३ ग्रॅम. साडेपाच ग्रॅमचा फरक, म्हणजे एक बऱ्यापैकी अंगठी. आमच्या आत्याचं म्हणणं असं की आईच्या पाटल्या 'सव्वातीन तोळ्याच्या वर' होत्या, आणि काट्यावर भरल्या जवळपास ३९ ग्रॅम, तर एक जण लगेच म्हणाला "मग हे तर चार तोळे झाले, कुणीतरी भर घातलीय". भर कुणीच घातली नव्हती. तेव्हा नियम एकच, घरात वाटणी करताना तोळा हा शब्दच वापरायचा नाही, दागिना काट्यावर ठेवा, ग्रॅम लिहा, आणि वहीतल्या तोळ्यांना ११.६६४ नं गुणून शेजारी ताळ्यासाठी लिहा. दागिना थोडा कमी भरला तर घाबरू नका, वापरलेलं सोनं झिजतं. ताळा करायला घरातला जुना चांदीचा रुपया काट्यावर ठेवून बघा, साडेअकराच्या आसपास यायला हवा, झिजला असेल तर थोडा कमी.

सराफाकडे गेलात तर बिलावर ग्रॅमच असायला हवेत. २००९ चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे, त्याप्रमाणे प्रमाणित एकक सोडून दुसऱ्या मापात भाव सांगणं किंवा बिल करणं चालत नाही. तोंडी तोळा कोणी थांबवत नाही, पण कागदावर बघून घ्या.

जमीन: चूक झाली तर सगळ्यात महाग इथे

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हा ३३ आकडा विचित्र वाटतो ना, तो मोजणीच्या साखळीतून आलाय. इंग्रजांची मूळ साखळी ६६ फुटांची, आपल्या मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिची अर्धी, ३३ फुटांची वापरली आणि तिचे १६ आणे पाडले. म्हणजे लांबीचा एक आणा २ फूट पाऊण इंच. तुमच्याकडे जुनं टिपण किंवा मोजणीचा नकाशा असेल आणि बाजूला '४-८' असं काही लिहिलं असेल तर ते ४ साखळ्या ८ आणे, साडेचार साखळ्या, १४८.५ फूट. आणि यातली मस्त गोष्ट म्हणजे आयताकृती तुकड्याची लांबी-रुंदी साखळ्यांत गुणली की थेट गुंठे येतात, ४ साखळ्या गुणिले ५ साखळ्या बरोबर २० गुंठे, कॅल्क्युलेटरसुद्धा नको.

आता आमचं ३-२५. जुन्या सातबाऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असायचं, त्यामुळे हे ३ एकर २५ गुंठे आहे, सव्वातीन एकर नाही! सव्वातीन एकर म्हणजे १३० गुंठे, आणि ३ एकर २५ गुंठे म्हणजे १४५ गुंठे. पंधरा गुंठ्यांची चूक. घरातल्या एका हुशार मुलानं एक्सेलमध्ये ३.२५ टाकून ठेवलं होतं आणि तोच कागद सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता.

आजच्या सातबाऱ्यावर शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं तीन भागांत येतं. ०.४०.५० दिसलं तर वाचायचं ० हेक्टर ४० आर ५० चौरस मीटर, म्हणजे ४०५० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक एकर. बिनशेतीच्या सातबाऱ्यावर हेक्टर नसतं, आर आणि चौरस मीटर असतं, त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवताना वरचं एकक वाचल्याशिवाय आकड्याकडे बघू नका.

आर आणि गुंठा यांची गल्लत तर सर्रास होते. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एवढासा फरक म्हणून लोक दोन्ही एकच धरतात. एका आरला ठीक आहे, पण सातबाऱ्यावर २.००.०० असेल आणि मध्यस्थ म्हणाला "दोन हेक्टर म्हणजे पाच एकर हो", तर थांबा. पाच एकर म्हणजे २०० गुंठे, दोन हेक्टर म्हणजे १९७.६८ गुंठे. सव्वादोन गुंठ्यांच्या वर, सुमारे २५२२ चौरस फूट जमीन फक्त बोलण्यात तयार झाली आणि तिचे पैसे तुम्ही देणार. म्हणून मी कायम आधी सगळं चौरस मीटरमध्ये आणतो, मग एकदाच ४०४६.८६ नं भागून एकर काढतो. एकराचे गुंठे, गुंठ्याचे आर, आरचे परत एकर अशी उलटीसुलटी करत गेलं की प्रत्येक वळणावर थोडं थोडं सांडतं.

इंग्रजी मोजणीच्या आधीचा कागद, एखादी सनद वगैरे निघाली आणि त्यात बिघे, पांड, चाहूर असेल तर मात्र हात आखडता घ्या. शिवकाळातल्या मोजणीचं वर्णन असं आहे की काठी पाच हात पाच मुठींची, हात चौदा तसूंचा, सगळी काठी ऐंशी तसूंची (म्हणजे मूठ दोन तसूंची, हिशोब लागतो), वीस काठ्या लांब वीस काठ्या रुंद तो बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. किती नेटकं! पण पुढे मुंबईच्या बाजारात हात सोळा तसूंचा, अठरा इंचाचा धरलेला दिसतो. तेव्हा तसूभरही फरक नाही असं आपण म्हणतो खरं, पण तसूच एक नव्हता. अशा कागदावरच्या बिघ्यांना मोबाईलवरच्या उत्तर भारतातल्या बिघ्यानं गुणणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. त्या जमिनीचा पुढचा सर्व्हे नंबर शोधा, त्याचं मोजलेलं क्षेत्र एकर-गुंठ्यांत मिळेल, तेच धरा.

०-५-४ म्हणजे काय

यावर आमच्याकडे पाऊण तास चर्चा झाली, कुणी म्हणालं पाच गुंठे, कुणी म्हणालं पाच आणे भाडं. हा हिस्सा आहे. रुपया म्हणजे अख्खी मिळकत, १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा, म्हणून सगळी मिळकत १९२ पै. पाच आणे चार पै म्हणजे ६४ पै, १९२ चा बरोबर तिसरा भाग. तीन भाऊ होते, मिटला विषय. दोघांत ०-८-०, सहा जणांत ०-२-८, बारा जणांत ०-१-४. पाच जणांत मात्र समान भाग पडत नाहीत, कुठे ३-२ आणि कुठे ३-३ दिसलं तर त्यात भावाभावांतला दगाफटका शोधू नका, पै त्याहून बारीक चिरता येत नव्हती एवढंच.

म्हणजे बघा, एका वहीत आणा चार ठिकाणी भेटतो. पैशाचा आणा, लांबीचा आणा म्हणजे साखळीचा सोळावा, क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा (६८ चौरस फूट), आणि हिश्श्याचा आणा. चारही ठिकाणी अर्थ एकच, सोळावा भाग, फक्त कशाचा ते रकान्यावरून ओळखायचं. पिकाची आणेवारी हा त्यातलाच पाचवा भाऊ, तिचं आता पैसेवारी झालंय, जुने आठ आणे म्हणजे आजचे ५० पैसे.

खंडी, ब्रास, वार

खंडी म्हणजे वीस मण, त्यामुळे मणाचा जो घोळ तोच वीसपट. मुंबईच्या मणानं खंडी ५६० पौंड म्हणजे २५४ किलो. कापसाची खंडी मात्र वेगळी, ७८४ पौंडांची, ३५५.६ किलो, आणि ती आजही जिवंत आहे, बाजारात रुईचा भाव खंडीवरच निघतो. शेतकऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की खंडीचा भाव सरकी काढलेल्या रुईचा असतो आणि आपण विकतो तो सरकीसकट कापूस, क्विंटलनं. दोन्ही आकडे सरळ भागून तुलना केली की व्यापाऱ्यानं लुटलं असं वाटतं, तसं सरसकट नसतं.

वही सोडून चालू व्यवहारातलं एक सांगतो कारण घर बांधताना सगळ्यांनाच लागतं. वाळू, खडी, मुरूम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, पण प्लास्टर, फरशी असल्या कामात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, आणि ठेकेदार दोन्ही एकाच वाक्यात बोलतो. गाडी आली की खाली करायच्या आधी टेप घ्या, हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणा, १०० नं भागा. १२ बाय साडेसहा बाय ३ म्हणजे २.३४ ब्रास, अडीच नाही. वाळू ओलसर असेल तर फुगते, तीच वाळू वीस-पंचवीस टक्के जास्त जागा व्यापू शकते, म्हणून सुकी मागवा किंवा वजनावर घ्या.

वार म्हणजे यार्ड, ९१.४४ सेंटीमीटर, नऊवारी म्हणजे ८.२३ मीटर. वहीत कापड गजात असेल तर मुंबईचा गज २७ इंचाचा होता, वाराइतका नाही, एवढं बघा.

शेवटी तक्ता

एक्सेलमध्ये पाच रकाने करा. वहीत जसं लिहिलंय तसं, पान आणि साल, माल, कुठलं माप धरलं, आणि आजचा आकडा. पहिला रकाना कधीही बदलू नका, रेघा असतील तर रेघांसकट टाईप करा, कारण उद्या तुमचं वाचन चुकीचं निघालं तर परत यायला जागा हवी. मूळ वहीत पेनानं काही लिहू नका. चौथा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण वाद होतो तेव्हा सगळे त्याच रकान्याकडे बोट दाखवतात. आणि पाचवा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. माझ्या तक्त्यात 'गूळ २ ढेपा' अजून तसंच आहे, ढेप किती किलोची ते वहीत कुठेच नाही, दर आहे, रक्कम आहे, वजन नाही. काका म्हणतात मोठी असायची, आत्या म्हणते छोटी.